उसन्या आठवणींची तिकिटे

एखादा जुना रॉक बँड दहा-पंधरा वर्षांच्या अबोल्यानंतर पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा झाली, की पाठोपाठ एक ठरावीक लेखनप्रकार जन्माला येतो. दौऱ्याच्या तारखा, तिकिटांसाठी उडालेली झुंबड, भावाभावांत किंवा मित्रामित्रांत झालेल्या दिलजमाईची कथा आणि शेवटी 'एका पिढीचा आवाज परत येतो आहे' असा निर्वाळा. मराठीतही हा प्रकार आता चांगलाच रुळला आहे. या लेखनाला प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आहे. मात्र तो पाश्चात्त्यांच्या अनुकरणाविषयीचा जुनाच आक्षेप नव्हे. नंदुरबारच्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने मँचेस्टरची गाणी ऐकावीत की नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे. त्याने ती जरूर ऐकावीत. आक्षेप आहे तो आपल्या प्रतीक्षेच्या स्वरूपाला. येऊ घातलेल्या मैफलीकडून आपण फक्त भूतकाळाची अपेक्षा करतो आणि या अपेक्षेलाच रसिकता म्हणतो.

ओअॅसिसचे उदाहरण घ्या. २००९ मध्ये फुटलेला हा बँड पुन्हा एकत्र येत असल्याची घोषणा ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. जुलै २०२५ मध्ये कार्डिफला दौरा सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये साओ पावलोला संपला. तिकीटविक्रीच्या दिवशी मागणीनुसार भाव चढवण्याच्या पद्धतीमुळे काही तिकिटांची किंमत मूळ दराच्या दुपटीहून अधिक झाली आणि ब्रिटनमध्ये त्याची चौकशीही लागली. या सगळ्यावर भरपूर लिहिले गेले. या संपूर्ण दौऱ्यात एकही नवे गाणे नव्हते, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाला खटकली. किंबहुना नवे गाणे वाजले असते तर श्रोत्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटले असते. ज्या कलावंताकडून नवनिर्मितीची अपेक्षाच उरलेली नाही, त्याला आपण कलावंत म्हणून मान देत आहोत की स्मारक म्हणून, हे समीक्षकाने विचारायला नको काय?

'लोकांना आनंद मिळतो, त्यात कोणाचे काय बिघडते?' असे यावर विचारले जाईल. चाळिशी-पन्नाशीच्या श्रोत्यापुरते हे उत्तर मान्य करता येईल. त्याचे स्मरणरंजन निदान त्याचे स्वतःचे आहे. पण आज पदवीच्या वर्गात बसलेला विद्यार्थी या बँडचा पहिला अल्बम आला त्या १९९४ साली जन्मलाही नव्हता. त्याला ज्या काळाची हुरहूर लावून घ्यायला सांगितले जाते, तो काळ त्याने जगलेला नाही. ही आठवण उसनी आहे. तिचे व्याज तो कोणत्या रूपाने फेडतो? 'जे गायचे होते ते गाऊन झाले, आपल्या वाट्याला फक्त ऐकणे उरले' या समजुतीच्या रूपाने. तळोदा-धडगावकडचा एखादा मुलगा भिलीत किंवा पावरीत गाणी रचत असेल, तर ही समजूत त्याच्या वहीच्या थेट आड येते. म्हणूनच हा प्रश्न निरुपद्रवी करमणुकीचा नाही.

पुनर्मीलन म्हणजे अपरिहार्यपणे पुनरावृत्तीच, असेही नाही. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. १९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा बँड स्थापन झाला. त्या काळी आपल्याकडच्या रॉकच्या श्रोत्याला परदेशी बँडची गाणी हुबेहूब वाजवून हवी असत आणि स्वतःचे गाणे म्हणजे आगाऊपणा मानला जाई. या मंडळींनी तो आगाऊपणा केला आणि स्वरचित गाण्यांचे अल्बम काढले. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९७ मध्ये बँड विसर्जित झाला आणि २०१० मध्ये उदय बेनेगल, महेश टिनईकर आदी मंडळी पुन्हा एकत्र आली. त्यानंतर २०१२ मध्ये त्यांनी 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. तो थोर होता की सामान्य, यावर मतभेद होऊ शकतात, आणि मुद्दा नेमका तोच आहे. मतभेद व्हायला समोर नवी कृती असावी लागते. जुन्या गाण्यांच्या यादीशी मतभेद कसला करणार? तिच्यापुढे एक तर हात जोडायचे किंवा पाठ फिरवायची.

लिंकिन पार्कच्या बाबतीत तर आपल्या प्रतीक्षेतला दोष उघडाच पडला. गायक चेस्टर बेनिंग्टन २०१७ मध्ये गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये एमिली आर्मस्ट्राँग या गायिकेला घेऊन बँड परतला, त्याच वर्षी नवा अल्बम आला आणि जानेवारी २०२६ मध्ये मुंबईच्या लोलापलूझा महोत्सवात त्यांचे वादनही झाले. या काळातली बहुतेक चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : नवा आवाज जुन्या आवाजाची जागा घेऊ शकेल काय? नव्या गाण्यांत काय आहे, याची विचारपूस त्या मानाने फारच थोडी. नवे समोर आलेले असतानाही आम्ही त्याला जुन्याच्या मापाने मोजत होतो.

लोकपरंपरेचे अभ्यासक येथे एक वजनदार हरकत घेतील. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी दर फाल्गुनी पौर्णिमेला तशीच होते. तेच ढोल, तेच बुध्या आणि बावा, तीच रात्रभराची नृत्ये, पहाटे पेटणारी तीच होळी. मग पुनरावृत्तीला नावे ठेवणारा लेखक काठीबद्दल काय म्हणणार? उत्तर सरळ आहे. काठीला जाणारा बुध्या दिवसचे दिवस व्रत पाळतो आणि रात्रभर स्वतः नाचतो. तेथे पुनरावृत्ती होते ती कृतीची, आणि ती कृती दरवर्षी नव्याने, स्वतःच्या अंगावर सोसून करावी लागते. मैदानातल्या मैफलीत पुनरावृत्ती विकली जाते आणि श्रोता ती विकत घेतो. विधी आणि विक्रीची वस्तू यांतला हा फरक पुसून 'रॉकची मैफल हीच आधुनिक जत्रा' असे लिहिणे दिसायला आकर्षक असेल, पण त्यात विचाराचा आळस आहे.

आणि जत्रेचीच गोष्ट काढायची तर ती सारंगखेड्याची काढावी. तापीकाठच्या एकमुखी दत्ताच्या या यात्रेत घोड्यांच्या बाजाराबरोबर तमाशाचे तंबूही लागत आले आहेत. तमाशाचा फड दर हंगामाअखेर मोडतो आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा बांधला जातो. कलावंतांना उचल दिली जाते, कोणी या फडातून त्या फडात जाते, भांडणे होतात, मिटतातही. म्हणजे ज्याला आपण 'ऐतिहासिक पुनर्मीलन' म्हणतो तो या मंडळींचा वार्षिक व्यवहार आहे. पण फड पुन्हा उभा राहिला एवढ्यावर गावकरी कधी खूश होत नाहीत. गण-गवळण परिचयाची चालते, पण वग नवा हवा. जाहिरातीच्या फलकावर नव्या वगाचे नाव ठळक अक्षरांत असते, ते उगाच नव्हे. आता या तंबूत चित्रपटगीतांचे राज्य आहे आणि वगाचा वेळ आक्रसला आहे, हे खरे. तरीही 'यंदा नवीन काय?' हा प्रश्न विचारण्याची रीत ज्या प्रेक्षकाने जपली, त्याची रसिकता आमच्या विद्यापीठीय रसिकतेहून अधिक जागी म्हटली पाहिजे.

जुने गाणे मुळीच वाजवू नये, असा याचा अर्थ नाही. बॉब डिलनला २०१६ चे नोबेल मिळाले तेव्हा गाणे हे साहित्य आहे की नाही यावर आम्ही महिनोन् महिने वाद घातला. पण तो स्वतःची जुनी गाणी दशकानुदशके मंचावर मोडून, चाल बदलून, कित्येकदा ओळखू येणार नाहीत अशा रूपात सादर करत आला आहे, याकडे फारसे लक्ष दिले नाही. कवीने आपल्याच संहितेचे केलेले हे पुनर्वाचन आहे. अनेक श्रोते त्यामुळे रुष्ट होतात. ते रुष्ट होणे हीच त्या गाण्याच्या जिवंतपणाची खूण होय.

आता आपल्या अंगणात यावे. साहित्याचे अभ्यासक्रम हीदेखील एक गाण्यांची यादीच असते. त्याच कविता, त्याच नोट्स, त्याच प्रश्नांची तीच उत्तरे. मर्ढेकर शिकवताना आपण 'येथे नवे काय होते?' हे विचारतो, पण आज वर्गात बसलेल्याने नवे काय लिहिले, हे विचारत नाही. अरुण कोलटकर पखवाज शिकले, इंग्रजीत गाणीही लिहिली. पण कोलटकरांच्या कवितेवर व्याख्याने देणाऱ्या किती जणांनी त्या गाण्यांची दखल घेतली? बँडच्या पुनरागमनाने गहिवरणारा प्राध्यापक आपल्याच तालुक्यात लग्नसराईत वाजणाऱ्या बँडला 'गोंगाट' म्हणून खिडकी लावून घेतो. त्या बँडवर यंदा कोणती नवी चाल आली, ती कोणी रचली, कोणत्या बोलीत, याची एक ओळ तरी कोठे नोंदली जाते काय?

रशने ऑक्टोबर २०२५ मध्ये २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली. ज्याने त्यांच्या बहुतेक गाण्यांचे शब्द लिहिले तो ड्रमवादक नील पिअर्ट २०२० मध्येच निवर्तला आहे आणि त्याच्या जागी अनिका निलेस ही जर्मन वादक घेण्यात आली. साहित्याच्या विद्यार्थ्यासाठी येथे खराखुरा प्रश्न आहे : शब्द लिहिणारा नसताना शब्द कोणाचे? त्या वाद्यांवर बसलेली नवी व्यक्ती केवळ जागा भरते, की गाण्याचा अर्थ हलवते? अशा प्रश्नांसह वाट पाहायची असेल तर खुशाल पाहावी. यापुढे कोणत्याही पुनर्मीलनाची घोषणा झाली की समीक्षकाने तिकिटाच्या भावाआधी एवढेच विचारावे, की नवे गाणे आहे काय. आणि तोच प्रश्न त्याच आठवड्यात आपल्या वर्गातही विचारावा.