घाटात पाणी नको, वारा हवा

टर्बोतून इंजिनात जाणारी हवा वाऱ्याने गार करायची की पाण्याने, हा वाद गॅरेजात निघाला की पाण्याची बाजू घेणारे पहिला डाव सहज मारतात. एक लिटर पाणी तेवढ्याच हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. पण माल भरून घाट चढणाऱ्या ट्रकला ते लागू पडत नाही. एवढ्यावर विसंबून कोणी मालक गाडीचा चालता इंटरकूलर काढून पाण्याचा बसवायला निघाला असेल, तर त्याने आधी हिशेब करावा.

टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. बाहेर 40 अंश असताना दाब दुप्पट केला, की टर्बोतून निघणारी हवा 135 अंशांच्या आसपास असते. तीच 60 अंशांपर्यंत उतरवली, तर त्याच दाबाला सिलिंडरमध्ये वीस-बावीस टक्के जास्त हवा मावते. मग डिझेल पुरते जळते, काळा धूर कमी होतो, एक्झॉस्टचे तापमान आटोक्यात राहते. इंटरकूलरचे काम एवढेच, पण ट्रकची निम्मी चढाई त्यावर अवलंबून असते.

आता सहा लिटरचे डिझेल इंजिन घ्या. मिनिटाला 2,400 फेरे, पूर्ण लोड. वरच्या तापमानांना त्या हवेतून दर सेकंदाला साधारण 17 किलोज्यूल उष्णता काढावी लागते. पाण्याच्या इंटरकूलरच्या टाकीत दहा लिटर पाणी आहे असे धरा. ते 30 अंशांनी तापायला सव्वा मिनिट पुरते. भरलेल्या ट्रकचा कसारा घाट सव्वा मिनिटात संपत नाही, खंबाटकीही संपत नाही. सव्वा मिनिटानंतर त्या पाण्याला आपली उष्णता कुठेतरी टाकावीच लागते, आणि ती पडते पुढे बसवलेल्या दुसऱ्या रेडिएटरमधून, त्याच वाऱ्यात. म्हणजे शेवटी गार करणारा वाराच. मध्ये एक पंप, एक टाकी, एक जाळी आणि चार होज तेवढे वाढले. शिवाय उष्णता एकदा हवेतून पाण्यात आणि पुन्हा पाण्यातून वाऱ्यात जायची, तर दोन्ही वेळा तापमानात फरक लागतो. त्यामुळे तेवढ्याच जागेत बसवलेल्या पाण्याच्या इंटरकूलरमधून निघणारी हवा लांब चढावर वाऱ्याच्या इंटरकूलरपेक्षा गरमच राहते.

वेगळी टाकी नको म्हणून इंजिनचेच पाणी फिरवणे हा तर आणखी वाईट पर्याय. ते पाणी 85-90 अंशांवर असते, त्याखाली हवा उतरणार कशी? नागपूरच्या मे महिन्यातला 45 अंशांचा वारासुद्धा त्याहून चाळीस अंशांनी गार असतो. अमेरिकेत कमिन्स, कॅटरपिलरच्या जुन्या ट्रक इंजिनांत हीच पद्धत होती. धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडवर निर्बंध येऊ लागले तसे 1980 च्या दशकात तिथले ट्रक वाऱ्याच्या इंटरकूलरकडे वळले, कारण गरम हवा इंजिनात गेली की हे ऑक्साइड वाढतात.

पाण्याची जागा कुठे आहे, हेही सांगायला हवे. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरला खाली अख्खा समुद्र आहे. तिशीच्या आतबाहेरचे पाणी, कधीच न संपणारे. तिथे वाऱ्याचा इंटरकूलर बसवणे वेडेपणा ठरेल. छोट्या टर्बो पेट्रोल मोटारींतही पाणी शोभते. इंजिनाला चिकटून बसणारा लहान कूलर, आखूड पाइप, ॲक्सिलरेटर दाबल्यावर लगेच मिळणारा प्रतिसाद. आणि शहरात पूर्ण जोर लागतो तो काही सेकंदच, मग पाण्याला निवायला वेळ मिळतो. ट्रकला तो वेळ मिळत नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोठा मुद्दा बिघाडाचा आहे. वाऱ्याच्या इंटरकूलरचा होज फाटला तर गाडी पिकअप सोडते, काळा धूर ओकते, पण हळूहळू गॅरेज गाठते. पाण्याच्या इंटरकूलरची जाळी आतून फुटली आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरले, तर ते दाबले जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. रात्री दोन वाजता, घाटात, मागे वाहनांची रांग असताना ड्रायव्हरवर ही वेळ आणणारा बदल कोणी सुधारणा म्हणून विकू नये.

गाडी चढावर खरोखरच दमत असेल, तर आधी आहे त्या इंटरकूलरकडे बघा. तो रेडिएटरच्या पुढे असतो आणि दोघांमधल्या बोटभर फटीत धूळ, किडे, ऊस वाहणाऱ्या गाड्यांत पाचटाचा भुगा, त्यावर तेलाची ओल असा थर बसतो. समोरून जाळी चकचकीत दिसते, म्हणून तिथे कोणी हात घालत नाही. दोन्ही जाळ्या सुट्या करून मागून पुढे पाणी मारायचे, तेही बेताच्या दाबाने. जोराच्या जेटने पत्र्याच्या पाकळ्या मुडपतात आणि वाट कायमची बंद होते. घाटात गाडीचा वेग नसतो, वारा फॅनच ओढतो, म्हणून फॅन तापल्यावर पूर्ण पकड घेतो का तेही तपासायचे. मग इंटरकूलरची दोन्ही तोंडे बंद करून सुमारे दोन बार दाब भरायचा आणि सांध्यांना, क्लॅम्पना साबणाचे पाणी लावायचे. बुडबुडे आले किंवा गेजचा काटा भराभर उतरला, तर दोष सापडला. ही तपासणी निम्म्या दिवसात होते. मालकाने ती करून घेतल्याशिवाय नव्या कूलरची किंमतही विचारू नये, आणि मेकॅनिकने सांगू नये.