दार लावणाऱ्यांनीच विचारावे?

१७ सप्टेंबर १९२१ रोजी सिडनीच्या ॲग्रिकल्चरल शोग्राउंडवर बायकांचा रग्बी लीगचा सामना झाला. मेट्रोपॉलिटन ब्लूज विरुद्ध सिडनी रेड्स. वीस हजारांहून अधिक माणसे बघायला जमली. मॅगी मलोनी नावाच्या तरुण मुलीने एकटीने चार ट्राय केले, म्हणजे चारदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, आणि ब्लूजनी सामना २१-११ असा जिंकला. खेळणाऱ्या होत्या, बघणारे होते. पण खेळाची सूत्रे ज्या पुरुषांच्या हाती होती त्यांनी पाठ फिरवली, आणि मोठ्या मैदानांवरून हा खेळ नाहीसा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने बायकांना आपल्या मैदानांवर बंदी केली. त्याच्या आदल्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या संघाचा सामना बघायला ५३,००० माणसे आली होती. बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली.

आणि तेव्हापासून आजतागायत एकच प्रश्न विचारला जातो: बायकांचा खेळ बघायला येणार कोण? ज्यांनी भरल्या मैदानाला कुलूप घातले, त्यांचेच वारस हा प्रश्न विचारतात. हा अप्रामाणिकपणा आहे आणि त्याला तसेच म्हटले पाहिजे.

ब्रिस्बेन ब्रॉन्कोजच्या बायकांच्या संघाची हकिकत याच अप्रामाणिकपणाची पुढची पाने आहेत. ब्रॉन्कोज हा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा बडा, श्रीमंत रग्बी लीग क्लब. त्याचा पुरुषांचा संघ १९८८ साली लीगमध्ये उतरला. बायकांचा संघ उतरायला २०१८ साल उजाडले. ऑस्ट्रेलियाच्या मुलींनी २०१३ आणि २०१७ असे दोन विश्वचषक जिंकून दाखवल्यावर कुठे त्यांच्यासाठी राष्ट्रीय स्पर्धा निघाली. पुरुषांना संघ आधी मिळतो आणि पराक्रम पुढे होतो. बायकांनी आधी जग जिंकायचे आणि मग घरच्या मैदानात उभे राहण्याची परवानगी मागायची.

स्पर्धा तरी केवढी? चार संघ. प्रत्येकाला साखळीत तीन सामने आणि पोचलात तर अंतिम सामना. पुरुषांचे संघ त्याच वर्षी साखळीतच चोवीस सामने खेळत होते. एवढ्याशा जागेत ब्रॉन्कोजच्या मुलींनी काय केले पाहा. २०१८ च्या अंतिम सामन्यात सिडनी रूस्टर्सना ३४-१२ असे हरवले, २०१९ मध्ये सेंट जॉर्ज इलावाराला ३०-६, २०२० मध्ये पुन्हा रूस्टर्सना २०-१०. तीन वर्षांत तीन अजिंक्यपदे, आणि तीही बारा सामन्यांच्या आयुष्यात. यातल्या बहुतेक जणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत. हंगामाचे मानधन घर चालण्याइतके नव्हते. सामन्याच्या दिवसांसाठी साहेबाकडे रजेचा अर्ज टाकावा लागे, मग मैदानात जाऊन अंगावर धावून येणाऱ्या भरभक्कम बाईच्या मांडीत खांदा घालून तिला खाली पाडायचे, आणि सोमवारी ठणकत्या बरगड्यांनिशी कामावर हजर व्हायचे.

हा खेळ अंगाशी अंग भिडवण्याचा आहे. तेरा-तेरा जणी. चेंडू हाती असलेल्या बाजूला सहा टॅकलपर्यंत संधी, सहाव्यांदा पाडले की चेंडू समोरच्यांचा. चेंडू द्यायचा तो नेहमी मागे, आणि पुढे जायचे ते स्वतःच्या छातीने. समाजाला खुपते ते नेमके हेच. टेनिस खेळणारी मुलगी त्याला चालते, जिम्नॅस्टिक्स करणारी आवडतेही. पण चिखलात लोळणारी, ओठ फुटलेली, दुसरीला आडवी करून हसत उठणारी मुलगी त्याला सोसत नाही. तिच्या हाडांची काळजी वाटते असे तो म्हणतो. प्रसूतीच्या वेणा, डोक्यावरची ओझी, नवऱ्याचा मार, यांत बाईच्या हाडांची काळजी त्याला कधी वाटली होती?

ऑस्ट्रेलियात अनेक वर्षे असा नियम होता की मुलीने मुलग्यांच्या बरोबरीने खेळायचे ते बारा वर्षांपर्यंत. बारा सरली की बाहेर. मुलींसाठी वेगळे संघ बहुतेक गावांत नव्हतेच. कालपर्यंत ज्या मुलग्यांना ती लीलया पाडत होती, ते पुढच्या शनिवारी मैदानात आणि ती कुंपणाबाहेर. ब्रॉन्कोजच्या पहिल्या पिढीतल्या मुली याच काळात वाढल्या. आपल्याकडच्या कुठल्याही आईला हे वय सांगायला नको. ‘आता मोठी झालीस’ हे वाक्य कुठल्याही भाषेत मुलीच्या पायांवरच येऊन पडते.

मग २०२१ साल आले. सिडनीत करोनाची लाट उसळली, तेव्हा पुरुषांची स्पर्धा वाचवण्यासाठी संघच्या संघ क्वीन्सलँडला हलवण्यात आले. हॉटेले घेतली, विलगीकरणाची सोय केली, आणि ३ ऑक्टोबरला पुरुषांचा अंतिम सामना ब्रिस्बेनमध्ये झालासुद्धा. बायकांची स्पर्धा मात्र पुढे ढकलली, थेट २०२२ वर. गतविजेत्या मुली त्याच ब्रिस्बेन शहरात वाट पाहत राहिल्या. संकटात काय वाचवायचे आणि काय सोडायचे, यावरून समाजाची खरी श्रद्धा कळते. भाषणांवरून ती कळत नाही.

२०२३ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने झुंज देऊन बायकांसाठी पहिला सामूहिक करार मिळवला. त्या वर्षी किमान मानधन ३०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, शिवाय आरोग्य विमा, गरोदरपणातल्या रजेचे संरक्षण. पुरुषांच्या तुलनेत हे तुटपुंजेच होते. तरी मूल झाले म्हणून खेळ सुटला, ही शिक्षा त्यामुळे आता कागदावर तरी उरलेली नाही. पुढे संघ वाढले, सामने वाढले. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी ब्रॉन्कोजनी हंगामभर अजिंक्य राहिलेल्या रूस्टर्सना २२-१८ असे हरवून चौथे अजिंक्यपद घेतले. कर्णधार ॲली ब्रिगिनशॉ, वय पस्तीस. सिडनीच्या त्या मैदानात चाळीस हजारांवर प्रेक्षक होते. ‘येणार कोण’ म्हणणाऱ्यांना १९२१ सालीच मिळालेले उत्तर पुन्हा द्यायला शंभराहून अधिक वर्षे गेली, आणि मधल्या किती मॅगी मलोनी कुंपणाबाहेर म्हाताऱ्या झाल्या याची मोजदाद कुठे नाही.

ऑस्ट्रेलियाला दोष देऊन आपण सुटणार नाही. अंगाशी अंग भिडवणारा आपला खेळ कबड्डी. भारताच्या बायकांनी २०१० आणि २०१४ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण आणले, २०१२ साली पाटण्यात विश्वचषक जिंकला. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली ती पुरुषांसाठी. २०१६ मध्ये तिच्या जोडीला बायकांची स्पर्धा भरवली, संघ तीन. हैदराबादचा अंतिम सामना स्टॉर्म क्वीन्सनी फायर बर्ड्सवर २४-२३ असा एका गुणाने जिंकला. याहून रंगतदार काय हवे? पण पुढच्या वर्षी ती स्पर्धा भरलीच नाही. पुरुष खेळाडूंची बोली मात्र दोन कोटींच्या वर गेली. लालबाग-परळच्या गल्ल्यांत, सांगली-पुण्याच्या मैदानांवर कबड्डीसाठी जीव टाकतो असे सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी त्या तीन संघांतल्या मुली कुठे गेल्या म्हणून विचारले?