कॅरमची पावडर आणि माझा निळा पिक्सेल

परवा एका क्लायंटला फोनवर लेखाचा ड्राफ्ट दाखवत होते. पांढऱ्याशुभ्र पानावर खालच्या बाजूला चक्क कीबोर्डची पिवळट सावली! 'हे काय?' त्याने विचारलं. मी हसून वेळ मारून नेली. रिपेअरवाला मात्र हसला नाही. 'डिस्प्ले जळला मॅडम. नवीनच टाकावा लागेल.' खर्च? माझ्या चक्क दोन लेखांचं मानधन.

दोष कुणाचा? निळ्याचा. ओएलईडी पडद्यावर लाल, हिरवे आणि निळे ठिपके स्वतःच उजळतात. त्यातला निळा सगळ्यात आधी थकतो आणि मग पांढऱ्याचं पिवळं होतं. १९८७ मध्ये कोडॅकच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी या दिव्यांची वाट दाखवली, पण निळ्याचं दुखणं अजून सुटलेलं नाही.

यावर संशोधकांनी हाताशी धरलंय कुणाला, तर बोरॉनला! हो, तेच कॅरमवर भुरभुरतो त्या बोरिक पावडरमधलं. बोरॉन हा कायमचा भुकेला गडी, त्याच्याकडे इलेक्ट्रॉनसाठी एक जागा रिकामी असते. नायट्रोजनकडे मात्र द्यायला जोडी शिल्लक. या दोघांना एकाच कडक, सपाट रेणूत अडकवलं, की रेणू फारसा हलत-डुलत नाही आणि रंग एकदम नेमका येतो. २०१६ मध्ये जपानच्या ताकुजी हाताकेयामांच्या टीमने असा रेणू केला, नाव 'डॅब्ना'. (मला आधी 'दाबणं'च ऐकू आलं!) २०१९ मधल्या त्याच्या धाकट्या भावाच्या निळ्या प्रकाशाची रुंदी फक्त १८ नॅनोमीटर. रंग इतका शुद्ध, की फिल्टर लावून गाळत बसायची गरज कमी.

दुसरी गंमत म्हणजे, विजेने उत्तेजित झालेल्या दर चार अवस्थांपैकी साध्या रेणूत एकच प्रकाश देते, तीन बहुतेक फुकट जातात. डॅब्ना त्या तिघींनाही खोलीच्याच उष्णतेवर परत कामाला लावतो. फक्त या परतीला वेळ लागतो, आणि तोवर ताटकळणारी ऊर्जा रेणूलाच पोखरते. बॉस, घोडं इथेच अडलंय. नेमका रंग मिळाला, आयुष्य अजून मिळवायचंय.

तोपर्यंत मी डार्क मोड लावलाय. काळ्या जागी ठिपके बंदच असतात, तेवढीच त्यांना विश्रांती. आणि पुढची मीटिंग? ड्राफ्टची प्रिंट काढून नेणारे.