ट्रंकेतला कागद

दरवर्षी नोव्हेंबर संपत आला की आमच्या शाळेत ४ डिसेंबरच्या नौदल दिनाची तयारी सुरू होते. तयारी म्हणजे फळ्यावर जहाजाचं चित्र, एका विद्यार्थ्याचं पाठ केलेलं भाषण आणि शेवटी टाळ्या. मागच्या वेळी मी आठवीच्या मुलांना वेगळं काम दिलं. म्हटलं, "तुमच्या घरात, नात्यात, मोहल्ल्यात समुद्रावर नोकरी केलेलं कुणी असेल तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. विचारा आणि लिहून आणा."

आमच्या वसईत हे काम अवघड नाही. पाचूबंदरला कोळ्यांच्या बोटी आहेत. जहाजावर जाऊन आलेला एखादा मामू किंवा चाचा बहुतेक गल्लीत सापडतो. तरी आठ दिवसांनी वह्या तपासल्या तेव्हा निम्म्या मुलांनी मोबाइलवरून माहिती उतरवलेली होती. एक मुलगी मात्र रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "टीचर, माझे नाना म्हणाले, लिहून नेऊ नकोस. मीच येतो."

नाना अकरा वाजता यायचे होते. पावणेअकराला फाटकाबाहेर उभे होते. सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, इस्त्रीची पँट, पांढरा शर्ट, चकचकीत बूट, डोक्यावर टोपी. मी म्हटलं, "चाचा, आत येऊन बसायचं ना." ते म्हणाले, "टाइम अकराचा दिलाय तुम्ही."

वर्गात आल्यावर त्यांनी खिशातून हातभर दोरी काढली आणि एक गाठ मारून दाखवली. कितीही ओढा, फास आवळत नाही आणि गाठ सुटतही नाही. मग म्हणाले, "ही ज्याला येईल त्यालाच पुढची गोष्ट." दहा मिनिटांत सगळा वर्ग त्यांचा झाला होता.

नाना जहाजाच्या इंजिनखात्यात होते. अठराव्या वर्षी भरती झाले आणि लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर शिकले. समुद्राची नोकरी करायची आणि शिकायचं घाटावर, याचं मुलांना फार हसू आलं. १९७१ ची लढाई झाली तेव्हा ते विशीत होते.

४ डिसेंबर हा दिवस का पाळतात, ते त्यांनी सांगितलं. त्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला चढवला होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नाना थांबले. म्हणाले, "आता ९ डिसेंबरचं ऐका. त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवत नाही."

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने आपल्या आयएनएस खुकरीवर टॉर्पेडो सोडला. काही मिनिटांत जहाज बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. ६७ जण वाचले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला आज खुकरीचं स्मारक आहे.

नाना खुकरीवर नव्हते. पण लोणावळ्याला त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा मुलगा होता. "आम्ही एकाच साबणाने कपडे धुवायचो," एवढंच ते त्याच्याबद्दल बोलले. वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. "नाना, गेलेल्यांमध्ये आपले किती होते?"

प्रश्न काय आहे ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी त्या मुलाला थांबवणार होते. नानांनी मला हातानेच थांबवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाले, "एकशे चौऱ्याण्णव."

तास संपल्यावर स्टाफरूममध्ये चहा घेताना मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "टीचर, पोराची चूक नाही. त्याला हा हिशेब बाहेरून शिकवलाय." आणि मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. वर्गात ते ती बोलले नव्हते.

नोकरी संपल्यावर बऱ्याच वर्षांनी ते इकडेच स्टेशनजवळ फ्लॅट बघत होते. पैशाची जमवाजमव झाली होती. नाव ऐकून अडचण येईल अशी धास्ती होती, म्हणून फाइलमध्ये सगळ्यात वर नौदलाचं सेवापुस्तक ठेवलं. समोरच्या माणसाने ते उघडलं, नाव वाचलं आणि मिटलं. "आमच्या बिल्डिंगमध्ये जमणार नाही," एवढंच म्हणाला. "मला त्याचा राग नाही आला," नाना म्हणाले. "माझाच आला. तो कागद मी तिथे काढलाच का? मी नोकरी घर मिळवण्यासाठी केली नव्हती. घरी आलो, कागद ट्रंकेत टाकला. नंतर नातीलासुद्धा दाखवला नाही."

चहा निवून गेला. मला त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही. घरी येताना रिक्षात मात्र मला १९४६ ची माणसं आठवली. त्यांच्याकडे तर दाखवायला कागदही नव्हता.

१८ फेब्रुवारी १९४६. कुलाब्याला एचएमआयएस तलवार नावाचं नौदलाचं सिग्नल-शिक्षणाचं केंद्र होतं. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांना कंटाळून तिथल्या खलाशांनी कामावर जायला नकार दिला. त्याआधीच बलाईचंद्र दत्त या तरुण खलाशाला भिंतींवर 'जय हिंद' आणि 'चले जाव' च्या घोषणा लिहिल्याबद्दल अटक झाली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत संप मुंबई बंदरातल्या जहाजांवर आणि पुढे कराचीपर्यंत पोचला. खलाशांनी संप समिती निवडली. अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. एक मुसलमान, एक शीख आणि त्यांच्यामागे हजारो पोरं. जहाजांवर काँग्रेसचा, मुस्लिम लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकदम चढले. ज्या वर्षी देशात माणसं एकमेकांपासून दूर चालली होती, त्याच वर्षी हे घडलं.

त्यांच्या मागण्या नुसत्या जेवणाच्या नव्हत्या. गोऱ्यांइतका पगार आणि गोऱ्यांसारखी वागणूक हवी होती. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका हवी होती. इंडोनेशियात पाठवलेलं हिंदी सैन्यही परत यायला हवं होतं. इंग्रजांनी जहाजांचं अन्न तोडलं तेव्हा मुंबईची माणसं फळं आणि खाण्याच्या टोपल्या घेऊन गेटवेपाशी आली. हॉटेलवाल्यांनी पैसे घेतले नाहीत. शहरात हरताळ झाला, गोळीबार झाला आणि दोनशेहून अधिक नागरिक मेले. शेवटी सरदार पटेलांच्या सांगण्यावरून २३ फेब्रुवारीला खलाशांनी माघार घेतली.

पुढे काय झालं? अटका झाल्या. शेकडो जणांना नोकरीतून काढून घरी पाठवलं. दीड वर्षात देश स्वतंत्र झाला, दोन नौदलं झाली, पण बडतर्फ झालेल्यांना ना इकडच्या नौदलाने परत घेतलं ना तिकडच्या. ना सेवापुस्तक, ना पेन्शन. १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन सुरू झाली आणि या उठावालाही स्वातंत्र्यलढ्यात धरलं गेलं, पण तोवर पाव शतक उलटलं होतं. आज कुलाब्यात त्यांचं स्मारक आहे.

मग या माणसांनी मधली पंचवीस वर्षं अभिमान कशावर जपला असेल? माझ्या मते, सांगण्यावर. दत्तांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते १९७१ मध्ये आलं. त्या दिवसांत तलवारच्या बराकीत पोरं काय बोलत होती, कशाला घाबरत होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते अशा लिहिण्यामुळे. ज्यांनी लिहिलं नाही, ज्यांना कुणी विचारलं नाही, त्यांच्या गोष्टी त्यांच्याबरोबर कबरीत गेल्या.

यात आपल्या कोकणातले किती होते? विचार करा. इंग्रजांच्या काळी नौदलाला आधी रॉयल इंडियन मरीन म्हणत, १९३४ मध्ये ते रॉयल इंडियन नेव्ही झालं. मरीनच्या खलाशांची भरती ज्या भागांतून होई, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. आमच्या अब्बांचे आजोबा त्यांपैकीच एक. ते "मरीनमध्ये होते". आमच्या घराण्याकडे त्यांच्याबद्दल एवढेच दोन शब्द उरलेत. कुठल्या जहाजावर होते, कुठल्या बंदरात उतरले, युद्ध पाहिलं का, काही माहीत नाही. कागद पावसाळ्यात वाळवीने खाल्ले. आणि विचारायचं वय होतं तेव्हा आम्ही विचारलं नाही.

म्हणून नानांचं म्हणणं मला अर्धं पटतं, अर्धं नाही. तो कागद कुणापुढे निष्ठेचा दाखला म्हणून धरायचा नाही, हे त्यांचं अगदी खरं. आपण या देशाचे आहोत हे सिद्ध करायला आपल्या बुजुर्गांच्या नोकऱ्या वापरू नयेत. तो हिशेब मागणाऱ्याचं समाधान कधी होत नाही. पण म्हणून कागद ट्रंकेत बंद झाला आणि नातीलाही दिसला नाही, तर नुकसान त्या बिल्डिंगवाल्याचं झालं नाही. आपल्याच लेकरांचं झालं. मागच्या बाकावरच्या मुलाला 'आपले किती' हा प्रश्न पडला, कारण त्याला उत्तर देणारं कुणी तोवर वर्गात आलंच नव्हतं.

तेव्हा माझी वाचक बहिणींना आणि भावांना विनंती आहे. घरात कुणी नेव्हीत, जहाजावर किंवा गोदीत काम केलेलं असेल तर जुम्याच्या दुपारी जेवण झाल्यावर अर्धा तास त्यांच्याजवळ बसा. मोबाइलवर आवाज टेपून घ्या. मोठे प्रश्न विचारू नका. "देशसेवेबद्दल काय वाटतं?" असं विचारलं की माणूस भाषण देतो. त्यापेक्षा विचारा, पहिल्या दिवशी कोण सोडायला आलं होतं? खाट कुणाच्या शेजारी होती? रमजानमध्ये जहाजावर सहेरी कशी व्हायची? सगळ्यात जास्त भीती कधी वाटली? कुणाची आठवण येते? सेवापुस्तक आणि पदकं असतील तर फोटो काढून ठेवा. माजी सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची कामं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होतात, तिथेही हे कागद लागतात. वाळवी लागल्यावर धावपळ नको.

नानांकडे मी पुन्हा गेले, नातीला घेऊन. त्यांनी आढेवेढे घेतले, मग ट्रंक ओढली. नात जमिनीवर बसून एक-एक पान उलटत होती आणि प्रत्येक शिक्क्यावर बोट ठेवून "हे कुठलं?" विचारत होती. तिसऱ्या पानानंतर नाना स्वतःच सांगू लागले. मगरिबची अजान झाली तेव्हा अर्धंच पुस्तक झालं होतं.

त्या रात्री मी खेडला फूफींना फोन लावला. त्यांचं वय आता नव्वदीकडे झुकलंय. विचारलं, "फूफी, मरीनवाल्या आजोबांचं काही आठवतं का?" बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मी लहान होते गं. एवढंच आठवतं, रात्री वारा फिरला की ते झोपेतून उठून अंगणात यायचे. सगळं ठीक आहे बघायचे आणि परत झोपायचे."

एवढंच मिळालं. तारीख घालून मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.