आधी तेल विचारा, मग बॉल घ्या

अमेरिकेत ऑफिसच्या बोलिंग लीगमध्ये खेळणाऱ्या मंडळींना एक विनंती. दोनशे डॉलर मोजून नवा बॉल घेण्याआधी काउंटरवर जाऊन एवढंच विचारा, "आज लेनवर कुठला ऑइल पॅटर्न आहे?" लाजू नका, बहुतेक ठिकाणी कागद काढून दाखवतात.

फाउल लाइनपासून पहिली पिन ६० फुटांवर. त्यातल्या पहिल्या ३५ ते ४५ फुटांवर यंत्राने तेल लावलेलं असतं. एका लेनला जेमतेम २०-३० मिलिलिटर, सहसा डोळ्यांना दिसतही नाही. पण बॉल कुठे घसरणार आणि कुठे वळणार, हे त्यावरच ठरतं. कॅरमवर पावडर नीट पसरली नसली की चांगल्या खेळाडूचाही स्ट्रायकर अडतो, तसंच हे.

रोजच्या 'हाउस' पॅटर्नमध्ये लेनच्या मधल्या फळ्यांवर कडेपेक्षा आठ-दहापट तेल असतं. उजव्या हाताने टाकलेला बॉल चुकून कडेला गेला, तर कोरड्या फळ्या त्याला पकडून आत वळवतात. चुकून मध्ये गेला, तर तेलावरून तो फारसा न वळता पुढे सरकतो आणि तरीही पिनांच्या मोक्याच्या जागी पोचतो. दोन्हीकडच्या चुका माफ! आपल्यापैकी अनेकांची १८०ची सरासरी या माफीवर उभी आहे. त्यात कमीपणा नाही, गिऱ्हाईक खूश राहावं म्हणूनच तो पॅटर्न असतो.

'स्पोर्ट' पॅटर्नवर मात्र मध्य आणि कड यांतलं प्रमाण तीनास एक किंवा त्याहूनही कमी असतं. तिथे कडेला गेलेला बॉल परत येत नाही. सरासरी वीस पिनांनी घसरली तर मनगटाला दोष देऊ नका. महिन्यातून एकदा मुद्दाम अशा लेनवर खेळा, आपला नेम खरा किती ते कळेल.

कागदावर आधी प्रमाण पाहा, मग लांबी. लांबीतून ३१ वजा केले की आपल्या हाताच्या बाजूच्या गटरपासून कितव्या फळीपर्यंत बॉल बाहेर जाऊ द्यायचा, याचा अंदाज मिळतो. ३५ फुटी पॅटर्नला चौथी फळी, म्हणजे जवळजवळ गटरच्या काठावरून. छातीत धस्स होतं खरं! ४५ फुटीला चौदावी. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे.

आणि तेल जागेवर राहत नाही. परत आलेला बॉल उजेडात धरा, त्यावर तेलाची वलयं दिसतील. तेवढं तेल लेनवरून उचललं गेलं. प्रत्येक वेळी कोरड्या टॉवेलने पुसा. दुसऱ्या-तिसऱ्या गेममध्ये बॉल लवकर वळायला लागला तर जोर लावू नका. उजव्या हाताने खेळत असाल तर पाय दोन फळ्या डावीकडे घ्या आणि नेम एक फळी, डावखुऱ्यांनी उलट.