मलिक-ए-मैदानची दारू कोण सांभाळत होते?

विजापूरच्या बुरुजावरील मलिक-ए-मैदान तोफेसमोर छायाचित्र काढून घेणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते की ही तोफ काही काळ आपल्या धाराशिव जिल्ह्यात, परंड्याच्या किल्ल्यात होती. १५४९ मध्ये निजामशाहीत ती ओतली गेली आणि १६३२ मध्ये परंड्याहून विजापूरला नेली गेली. तोफेची लांबी, तिच्या तोंडावरील सिंहमुख, तिची वाहतूक यांवर आपण भरभरून लिहितो. तिच्यात ठासायची दारू कोठे ठेवत, ती कोण हाताळत असे आणि ती पेटली तर जाब कोणाला विचारला जाई, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आजचा धागा त्या प्रश्नांविषयी आहे, आणि तो सतराव्या शतकात थांबणार नाही.

सोरा, गंधक आणि कोळसा यांचे मिश्रण म्हणजे दारू. ठिणगी पडली की सर्वनाश, आणि ओल लागली की निरुपयोगी. अशा वस्तूचा साठा कसा करावा, याचे मराठीतील उत्तम विवेचन रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. काळ १७१५ च्या सुमाराचा. त्यातील सूचना अशा : दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा, सदरेपासूनही अंतरावर असावा. तळघर करून आत गच्च करावा, माच घालून त्यावर दारूची मडकी ठेवावीत. दर आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन माल बाहेर काढावा, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करावी. रात्रंदिवस पहारा असावा, परवानगीवाचून कोणी आसपास फिरकू नये. अंतर, ओलाव्यापासून बचाव, ठरावीक मुदतीने तपासणी, प्रवेशबंदी. आजच्या रासायनिक कारखान्याची साठवणुकीची नियमावली याहून मूलतः वेगळी नसते.

त्यातही माझे लक्ष ‘हवालदाराने स्वतः’ या अटीवर खिळते. पहारेकरी कितीही असोत, मोहोर ज्याची त्याची जबाबदारी.

आता त्याहून जुने आणि समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे एक पत्र पाहू. १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हळवर्ण येथे छावणीत असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते पाठविले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या आशयासाठी ते प्रसिद्ध आहे. उत्तरार्ध मात्र कोणी फारसा वाचत नाही. तेथे महाराज आगीविषयी बोलतात. कोणी भलत्याच ठिकाणी चुली मांडतील, कोणी तंबाखूसाठी विस्तव घेतील, वाऱ्याचा अंदाज घेणार नाहीत. जळता दिवा राहिला तर उंदीर वात ओढून नेईल. गवताला आग लागली की सारी पागा जळेल. उंदरापर्यंत पोहोचलेली ही कल्पनाशक्ती पाहून आजचा सुरक्षा अधिकारीही थक्क व्हावा. त्यानंतर महाराज सांगतात की आग लागून गेल्यावर काही कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनाला कितीही ताकीद केली, तरी पागेचा एक खण उभारायलाही लाकूड मिळणार नाही.

हे वाक्य मला या पत्राचा गाभा वाटते. अपघातानंतर तळाच्या माणसाला शिक्षा करून काहीही परत येत नाही. म्हणून दक्षता आधी, आणि तीही वरच्याने घ्यायची. पत्र मोतद्दारांना नव्हे, तर जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून आहे, ही गोष्ट त्यामुळेच महत्त्वाची.

आता १४ एप्रिल १९४४ ची मुंबई. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर सुमारे १,४०० टन दारूगोळा आणि स्फोटके होती. कराचीत त्याच जहाजावर कापसाच्या गाठीही चढविण्यात आल्या होत्या. कापूस पेटला, दुपारी चारनंतर प्रचंड स्फोट झाले, शेकडो माणसे गेली. आग विझवायला धावलेले अग्निशामक दलाचे जवानही त्यांत होते. आगीचे संभाव्य कारण म्हणून कोणाच्या तरी विडी-सिगारेटकडे बोट दाखविले गेले. असेलही. परंतु स्फोटकांच्या शेजारी कापूस रचण्याची परवानगी ज्याने दिली, त्याच्या तुलनेत ती सिगारेट मला फार लहान वाटते. अमात्यांच्या दारूखान्याच्या दारात तो कापूस अडविला गेला असता.

धाराशिवकडे परतू. परंड्याच्या दारूतले गंधक आज जिल्ह्यातील साखर कारखान्यांत जळते. ते जाळून मिळणारा सल्फर डायऑक्साइड उसाचा रस स्वच्छ आणि साखर पांढरी करायला वापरतात. जोडीला चुना, नळ्या धुण्यासाठी कॉस्टिक सोडा, मळीच्या टाक्या आणि आसवनी असेल तर आंबवणीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड व सांडपाण्यात तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड. शेतीशी जोडलेला म्हणून आपण साखर कारखान्याला रासायनिक कारखाना म्हणत नाही, एवढेच. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीच्या कारखान्यात ८ डिसेंबर २०१७ रोजी गरम रसाची टाकी फुटली आणि कामगार भाजून मृत्युमुखी पडले.

बंद टाकीतील हवेचा धोका मराठवाड्याला नवा नाही. ज्वारीचे पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, वाफ निघू द्यायची, दिवा सोडून पाहायचा, हे आपल्या आजोबांना ठाऊक होते. धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे याच कारणाने जपून उघडत. (‘पेव फुटले’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो, पेव मात्र विसरलो.) अर्थात या ज्ञानाचा गौरव करताना दोन गोष्टी टाळता येत नाहीत. एक, दिवा सगळे सांगत नाही. हायड्रोजन सल्फाइड दिवा विझण्याच्या कितीतरी आधी माणसाला मारतो, आणि मिथेन असेल तर दिवाच स्फोट घडवतो. दुसरी गोष्ट अधिक बोचरी : पेवात धान्याचा मालक क्वचितच उतरे. उतरणारा सालगडी किंवा मजूर असे.

कारखाने अधिनियम २३ सप्टेंबर १९४८ रोजी संमत झाला. निजामाचे हैदराबाद शरण आल्याला तेव्हा सहाच दिवस झाले होते. त्याचे कलम ३६ वाचले तर पेवच आठवते. विषारी वायूची शक्यता असलेल्या टाकीत किंवा खड्ड्यात कोणी उतरू नये. उतरायचे तर जाणकार व्यक्तीने स्वतः चाचणी करून लेखी प्रमाणपत्र द्यावे, नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वसनयंत्र असावे आणि कमरेच्या पट्ट्याला दोरी. तिचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले : कंपनीच्या कारखान्याचा ‘भोगवटादार’ म्हणून संचालकांपैकीच एक जण धरला जाईल. पगारी व्यवस्थापकाला पुढे करून मोकळे होण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी नवी संहिता आली आहे; तिची परीक्षा याच मुद्द्यावर व्हायला हवी.

तरीही बातम्यांत ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ हा शब्दप्रयोग टिकून आहे. पहिला माणूस टाकीत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. आणि दुसऱ्या दिवशी तिघेही निष्काळजी ठरतात. हे कारण म्हणून अपुरे आहे. साधनांत फेरफार झाला की आपण ज्या त्वेषाने पुरावा मागतो, त्याच त्वेषाने अशा बातमीलाही मागावा : टाकी उघडण्याचा आदेश कोणाचा होता, हवेची चाचणी किती वाजता झाली, प्रमाणपत्रावर सही कोणाची आहे, आणि दोरीचे बाहेरचे टोक कोणाच्या हातात होते.