ठरवून केलेला गबाळेपणा

माणसानं गबाळं असावं, पण मनापासून गबाळं असावं. केस विस्कटलेले दिसावेत म्हणून आरशापुढं तासभर उभा राहणारा माणूस मला सहन होत नाही. 'ब्रश स्क्रिप्ट' हा इंग्रजी टाइप त्याच जातीचा. नाव ठाऊक नसलं तरी गाठ पडलेली असणारच. लग्नपत्रिकेची इंग्रजी बाजू, केकच्या दुकानाची पाटी, स्नेहसंमेलनाचं प्रमाणपत्र. जिथं जाल तिथं ती उजवीकडे कललेली, कुंचल्यानं सहज फटकारल्यासारखी जाड अक्षरं. तीच ती!

सहज कसली? १९४२ साली रॉबर्ट स्मिथ या गृहस्थांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स कंपनीसाठी ती काढली. जमाना खिळ्यांचा. प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा, तरी त्याचा हात शेजारच्याच्या हातात नेमका पडायला हवा! म्हणजे जोड कुठं, किती उंचीवर, सगळं मोजूनमापून. त्या कारागिरीला माझा नमस्कार. माझं भांडण आहे ते सोंगाशी.

परवाच शेजारच्या काकांनी मुलीची पत्रिका दिली. त्यातल्या 'वेडिंग'मधले दोन 'डी' मी चष्मा पुसून पाहिले. हुबेहूब! अहो, जुळ्या भावांतसुद्धा एकाच्या गालावर तीळ असतो. शिवाय छापखानेवाल्यानं नवऱ्या मुलाचं नाव अख्खं कॅपिटलमध्ये घातलेलं. या टाइपातलं मोठं अक्षर शब्दाच्या आरंभी एकदाच शोभतं. इथं मात्र दहा जण एकदम दाराबाहेर पडायला निघाले आणि चौकटीत अडकले, असा देखावा!

आमच्या गावच्या पेंटरची पाटी आठवते. 'किराणा व भुसार'. किराण्यातला 'र' ऐसपैस मांडी घालून बसलेला, तर फळी संपत आल्यामुळे भुसारातला 'र' एस.टी.त तिघांच्या बाकावर चौथा बसावा तसा अंग चोरून. त्या पाटीवर माणूस दिसायचा. नाटकांची नावं हातानं काढणारे कमल शेडगे २०२० साली गेले. त्यांच्या अक्षरावरून पडदा उघडण्याआधीच नाटकाचा स्वभाव कळायचा. तसं अक्षर डब्यात भरून ठेवता येत नाही.

आता म्हणे संगणकात एकाच अक्षराची तीन-चार रूपं घालून ठेवतात आणि ती आलटून पालटून उमटतात. म्हणजे गबाळेपणालाही पाळ्या लावल्या! इकडे फ्लेक्स आला, तिकडे पेंटर घरी बसला. आणि त्याच्या हाताची नक्कल तेवढी घरोघर पोचली. मूळ माणसाला रजा आणि सोंगाला मानाचं पान, हा कुठला न्याय?

म्हणून म्हणतो, खिळ्यानं खिळ्यासारखं ताठ उभं राहावं. त्यात कमीपणा नाही. आपुलकीच दाखवायची असेल तर पेंटरला बोलवावं, नाहीतर स्वतः लिहावं.

काकांनी पाकिटावर माझं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आडनाव चुकलं होतं आणि शाईही फुटली होती. पण लग्नाला गेलो तो त्या पाकिटामुळे, आतल्या पत्रिकेमुळे नव्हे!